भाड्याने घर हवंय: कुत्रा-मांजर चालणारं आणि लाइट-पाणी भाड्यातच धरलेलं

शेपटीवर
नमस्कार मंडळी. भाड्याने फ्लॅट शोधायचा आहे. माणसं दोन, एक मध्यम आकाराचा कुत्रा (२२ किलो, वय ४ वर्षं) आणि एक मांजर. दोघांचीही नसबंदी आणि लसीकरण झालेलं आहे. वीज, पाणी, गॅस, इंटरनेट सगळं भाड्यातच धरलेलं असावं, म्हणजे महिन्याला एकच रक्कम द्यायची. जाहिरातींत या दोन्ही गोष्टी असलेली घरं अगदीच थोडी दिसतात, आणि फोन केला की त्यातली एक तरी गळते. शोध कसा करावा, काय विचारावं, करारात काय लिहून घ्यावं? घर साधारण दोन महिन्यांनी हवं आहे.

कागदकाका
दोन महिने हातात आहेत हे चांगलं आहे. प्राण्यांसह घर शोधायला सहा ते आठ आठवडे धरावेच लागतात.

दोन्ही गोष्टी एकत्र का मिळत नाहीत ते आधी बघा. बिल स्वतः भरणारा मालक प्राणी म्हटल्याबरोबर हिशेब करतो: दिवसभर एसी चालू, आंघोळीला पाणी, अंथरुणं धुवायला वॉशिंग मशीन. ज्याचं बिल भाडेकरू भरतो त्या मालकाला याच्याशी देणंघेणं नसतं, त्याला फक्त दारं आणि फरशी वाचवायची असते. म्हणून ‘कुत्रा चालेल का’ आणि ‘लाइट धरून आहे का’ हे प्रश्न वेगवेगळे विचारू नका. पहिल्याच निरोपात दोन्ही सांगा आणि सोबत वापराची मर्यादा स्वतःहून सुचवा. ‘अमुक युनिटपर्यंत भाड्यात, त्यावरचं आम्ही भरू’ असं म्हटलं की निम्मी घासाघीस तिथेच मिटते.

जाहिरातींच्या वेबसाइटवर शोधताना दोन्ही गाळण्या (फिल्टर) एकदम लावू नका. बरेच मालक प्राण्यांचा रकाना कोराच ठेवतात आणि यंत्रणा तो ‘नाही’ धरते. फक्त बिलांची गाळणी लावा, आणि जिथे स्पष्ट ‘प्राणी नकोत’ असं लिहिलंय तेवढी घरं सोडून बाकी सगळीकडे विचारा.

मनीमाऊ७
+१. आणि ‘चालेल’ म्हणणारा माणूस कोण आहे ते बघा. एजंटच्या ‘चालेल हो’ला काडीची किंमत नाही. मालकाची परवानगी आणि इमारतीच्या व्यवस्थापनाचे नियम, दोन्ही लेखी हवेत. इमारतीच्या नियमांत वजनाची मर्यादा, जातींची यादी, प्राण्यांची संख्या, लिफ्ट कोणती वापरायची, कॉमन गच्चीवर नेता येतं का, अशी कलमं असू शकतात. नियमावलीची प्रत मागा, तोंडी ऐकीव नको.

वजनाची मर्यादा २० किलो असेल तर तुमचा २२ किलोचा कुत्रा तिथेच बसत नाही. ‘थोडं इकडेतिकडे चालतं’ यावर विसंबू नका. शेजाऱ्याने तक्रार केली की तेच दोन किलो बाहेर येतात.

मीटरमास्तर
‘बिलं भाड्यात’ या दोन शब्दांत चार वेगळे व्यवहार लपलेले असतात. एक, खरोखर अमर्याद. दोन, मर्यादेपर्यंत भाड्यात, पुढचं जादा. तीन, संपूर्ण इमारतीचं बिल क्षेत्रफळावर किंवा माणसांवर वाटून तुमच्या भाड्यात घातलेलं (इथे शेजाऱ्याचा एसीही तुमच्याच खिशातून चालतो). चार, सब-मीटर (मुख्य मीटरच्या पुढे बसवलेलं छोटं मीटर) लावून मालक स्वतः वसूल करतो आणि त्यालाच ‘धरून’ म्हणतो. यातलं कोणतं, हा पहिला प्रश्न.

दुसऱ्या प्रकारात मर्यादा युनिटमध्ये लिहून घ्या, पैशांत नाही. पैशांत लिहिली की वीज कंपनीने दर वाढवला त्या दिवशी तुमची मर्यादा आपोआप आकसते. आणि मर्यादा वर्षाची घ्या. उदाहरण देतो. महिन्याला २०० युनिटची मर्यादा आहे. उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत तुम्ही ३२० वापरले, उरलेल्या नऊ महिन्यांत १५०. वर्षाची बेरीज २३१०, म्हणजे वर्षाच्या २४०० मध्ये सहज बसते. पण हिशेब महिन्याचा असेल तर त्या तीन महिन्यांत ३६० युनिट जादा म्हणून भरावे लागतात आणि बाकीच्या महिन्यांतले वाचलेले वाया जातात. वापर तोच, फक्त करारातला एक शब्द वेगळा.

जादा युनिट कोणत्या दराने हेही लिहा. दर टप्प्याटप्प्याने चढत असतील तर मालक सगळ्यात वरच्या टप्प्याचा दर लावू शकतो. ‘त्या महिन्याचं एकूण बिल भागिले एकूण युनिट’ हा सरासरी दर मागा आणि बिलाची प्रत दाखवण्याची अट घाला.

मागच्या १२ महिन्यांची बिलं बघितल्याशिवाय आकडा ठरवू नका. एका महिन्याचं दाखवतील, ते नेमकं थंडीतलं किंवा घर रिकामं असतानाचं असतं.

शेपटीवर
मीटरमास्तर, फार उपयोगी. पण प्राण्यांमुळे खरंच किती वीज वाढते? मालकाला आकडा सांगायचा तर काय सांगू?

मीटरमास्तर
कुत्र्याची आंघोळ हा बागुलबुवा आहे. हँड शॉवरमधून मिनिटाला ८-१० लिटर पाणी येतं, दहा मिनिटांची आंघोळ म्हणजे ८०-१०० लिटर, तीही महिन्यातून एकदा-दोनदा. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ५५ वर न्यायला सुमारे ०.६ युनिट लागतं. कुत्र्याला कोमट पाणीच लागतं, त्यामुळे तेवढ्या गरम पाण्यात गार मिसळून बरंच पुरतं.

खरा खर्च एसीचा. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी २६-२७ अंशांवर, दारं-खिडक्या बंद, खोली एकदा गार झालेली: तासाला साधारण ०.५ ते ०.८ युनिट. तुम्ही ९ तास बाहेर असाल तर ०.६ धरून दिवसाला ५.४, महिन्याच्या २२ कामाच्या दिवसांचे सुमारे १२० युनिट. जुना, इन्व्हर्टर नसलेला एसी असेल तर यापेक्षा बरंच जास्त. थंड हवेच्या ठिकाणी हाच प्रश्न हीटरचा: १५०० वॉटचा हीटर ९ तास अखंड चालला तर एका दिवसाचे १३.५ युनिट.

‘पंखा लावून जाऊ’ असं मालकाला सांगण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. माणसाला पंख्याने बरं वाटतं कारण घाम उडतो. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग गार करतो, त्यामुळे पंख्याचा त्याला तेवढा फायदा नाही. पग, बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना तर उन्हाळ्यात एसीशिवाय बंद घरात ठेवूच नये. म्हणून घर बघताना दुपारी दोन-तीनच्या सुमारास जा. पश्चिमेची भिंत आणि वरची गच्ची तापत असेल तर तुमचे १२० युनिट १८० होतील. पडदे जाड आहेत का, एक छोटी खोली बंद करून तेवढीच गार ठेवता येईल का, ते बघा.

बोकोबा
एसीचा फिल्टर! केसाळ प्राणी असतील तर दर दोन आठवड्यांनी धुवायचा. फिल्टर तुंबला की हवा कमी जाते, यंत्र जास्त वेळ चालतं, कॉइलवर बर्फही धरतो. सर्व्हिसिंगचा खर्च कोणाकडे, तेही विचारून ठेवा.

उंबरठा
मी जरा उलट बोलतो. तुमच्यासाठी ‘सगळं धरून’ खरंच फायद्याचं आहे का? मालक स्वतःच्या जोखमीसाठी सरासरी बिलापेक्षा जास्तच रक्कम भाड्यात घालतो. दिवसभर एसी लागणार नसेल तर वेगळं मीटर असलेलं घर स्वस्त पडतं, आणि प्राण्यांना हो म्हणणारे मालक त्या बाजूला जास्त मिळतात. शिवाय बिल तुमच्या नावावर नसेल तर राहण्याचा पुरावा म्हणून ते वापरता येत नाही. मालकाने बिल थकवलं तर वीज तुमच्या घरातली जाते, त्याच्या नाही.

कागदकाका
उंबरठा यांचं म्हणणं खोटं नाही. निदान दोन्ही प्रकारांचा वर्षाचा हिशेब शेजारी-शेजारी मांडावा. आणि बिलं मालकाच्या नावावर असतील तर ‘दर महिन्याला बिल भरल्याची पावती भाडेकरूला पाठवेल, मालकाच्या थकबाकीमुळे पुरवठा तुटल्यास भाडेकरूला बिल भरून ती रक्कम भाड्यातून वळती करता येईल’ हे वाक्य टाका.

प्राण्यांसाठीचे पैसे तीन नावांनी मागतात: परत मिळणारं डिपॉझिट, परत न मिळणारं एकरकमी शुल्क, आणि दरमहा जादा भाडं. पहिलं सगळ्यात बरं, कारण घर नीट ठेवलं तर ते परत येतं. उरलेल्या दोनांत निवड असेल तर मुदतीवर ठरतं. समजा एकरकमी शुल्क महिन्याच्या भाड्याच्या २५ टक्के आहे आणि जादा भाडं दरमहा ३ टक्के. २५ भागिले ३, म्हणजे आठ महिने आणि थोडं वर. नऊ महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर एकरकमी शुल्क स्वस्त. पण तिन्ही एकाच वेळी मागत असतील तर विचारा की कशासाठी. शुल्क भरूनही दाराच्या ओरखड्याचे पैसे डिपॉझिटमधून वेगळे कापणार असतील तर ते शुल्क नेमकं कशाचं?

मनीमाऊ७
प्राण्यांचं एक पान तयार करा. बायोडेटा म्हणा हवं तर 🙂 फोटो, वय, वजन, नसबंदीची तारीख, रेबीजसह लसींच्या तारखा आणि पुढची कधी, पिसू-गोचीड औषध कोणतं व शेवटचं कधी दिलं, मायक्रोचिपचा (कातडीखाली बसवलेल्या ओळखचिपचा) १५ अंकी क्रमांक, दिवसात सलग किती तास एकटे राहतात, तुम्ही गावाला गेलात तर कोण सांभाळणार. आधीच्या घरमालकाचं दोन ओळींचं पत्र मिळालं तर पशुवैद्यांच्या पत्रापेक्षा त्याचं वजन जास्त. घर बदलल्यावर चिपच्या नोंदणीतला पत्ता बदलायला विसरू नका, चिपमध्ये फक्त क्रमांक असतो, पत्ता नोंदणीतच असतो.

आणि एक व्हिडिओ. कुत्र्याला एकटं ठेवून पाऊण तास फोन रेकॉर्डिंगला लावा. एकटेपणाचा त्रास असलेला कुत्रा बहुतेकदा पहिल्या अर्ध्या तासातच भुंकणं, दार खरवडणं सुरू करतो. शांत झोपला तर तोच व्हिडिओ मालकाला पाठवा. नाही झोपला, तर घर बदलायच्या आधी हे दोन महिने त्याच कामाला लावा, नवीन जागेत ते वाढतंच.

बोकोबा
घर बघायला गेल्यावर काय बघायचं ते सांगतो, कारण इथे लोक फक्त बाल्कनी बघून येतात.

फरशी. टाइल उत्तम, फक्त मधल्या भेगांतलं ग्राउट शू शोषतं. लॅमिनेट सगळ्यात वाईट: शू सांध्यातून आत गेली की खालचा दाबलेला भुसा फुगतो, कडा वर येते आणि ती पुन्हा बसत नाही, पट्टीच बदलावी लागते. खऱ्या लाकडावर काळा डाग पडतो. व्हायनलला (प्लास्टिकच्या फरशीला) पाणी बाधत नाही, पण त्यावर रबराच्या पाठीची पायपुसणी किंवा भांड्यांखालची मॅट ठेवू नका. रबरातली रसायनं व्हायनलमध्ये उतरून पिवळा डाग पडतो आणि तो कशानेच जात नाही. तो डाग तुमच्या कुत्र्याच्या नावावर जातो.

आधीच्या प्राण्याची शू. अंधार करून ३६५ ते ३९५ नॅनोमीटरच्या यूव्ही टॉर्चने भिंतीचा खालचा हातभर भाग, दाराची चौकट आणि गालिच्याचे कोपरे बघा. शूचे डाग पिवळट-हिरवट चमकतात. साबणाचे डागही चमकतात, म्हणून वाकून वास घ्या. जुना वास असेल तर तुमचं मांजर तिथेच जाणार.

पिसवा. रिकाम्या घरात पिसवांचे कोश महिनोन्‌महिने तसेच पडून राहतात आणि पावलांची थरथर व अंगाची ऊब मिळाली की फुटतात. पांढरे मोजे पोटरीपर्यंत चढवून सगळ्या खोल्यांत दहा मिनिटं फिरा. काळे ठिपके उड्या मारताना दिसले तर किल्ली घेण्याआधी मालकाकडून फवारणी करून घ्या. एका फवारणीने कोश मरत नाहीत, दोन आठवडे रोज व्हॅक्यूम करावा लागतो.

चौथामजला
मांजरासाठी जाळी. साधी डासांची जाळी म्हणजे आधार नव्हे, मांजर नखाने ती फाडतं किंवा चौकटीसकट खाली जातं. जाड पॉलिस्टरची जाळी किंवा तारेची, भोक ४-५ सेंटीमीटरपेक्षा मोठं नको, पिल्लू असेल तर अजून लहान. साधा नायलॉन चावून तुटतो. भोकं पाडायची परवानगी नसेल तर छत ते फरशी असे स्प्रिंगने आवळणारे दांडे मिळतात, त्यांना जाळी बांधा. वरून तिरक्या उघडणाऱ्या खिडक्या जास्त घातक, मांजर फटीत अडकून खाली घसरतं आणि सुटायला धडपडलं की आणखी रुततं.

अवांतर: ‘मांजर उंचावरून पडलं तरी जगतं’ हे १९८७ च्या न्यूयॉर्कमधल्या पाहणीवरून लोक सांगतात. त्यात १३२ मांजरं होती आणि उपचार केलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचली होती. पण ती दवाखान्यात आणलेली मांजरं होती. जागीच मेलेली कोण आणणार दवाखान्यात?

शेपटीवर
तो मोज्यांचा उपाय लक्षात ठेवते. वीज-पाणी नीट आहे का ते घर बघताना कळू शकतं का? गळतीचा भुर्दंड आपल्या मर्यादेतून जायचा.

मीटरमास्तर
कळतं, अर्धा तास लागतो.

वीज: घरातलं सगळं बंद करा, फ्रिजचं बटणही. मग मीटरवरचा लाल दिवा बघा. मीटरवर ‘३२०० इम्पल्स (म्हणजे लुकलुक) प्रति युनिट’ असा आकडा छापलेला असतो, काहींवर १६०० किंवा १०००. मिनिटाला दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजा. वॉट = लुकलुक × ६०,००० ÷ छापलेला आकडा. ३२०० च्या मीटरवर मिनिटाला १६ वेळा, म्हणजे ३०० वॉट कुठेतरी जातायत. सगळं बंद असताना हे दिसलं तर जिन्यातले दिवे, पाण्याचा पंप किंवा शेजारची खोली याच मीटरवर आहे. मग मेन स्विच पाडा. तरीही दिवा लुकलुकतोय तर जोडणी स्विचच्या आधीच कुठेतरी आहे, त्या घराचा नाद सोडा.

पाणी: सगळे नळ बंद करून मीटरचा छोटा काटा बघा. फिरत असेल तर बहुतेकदा दोष फ्लशच्या टाकीचा. टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाका, वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर वॉशर गेलाय. वरवर दिसत नाही, पण दिवसाला शेकडो लिटर जाऊ शकतात.

मनीमाऊ७
पाण्यावरून आठवलं. मांजराची गोळा होणारी वाळू कमोडमध्ये टाकू नका, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो. बेंटोनाइट माती पाण्यात फुगते आणि पाइपात दगड होतो. तुंबलेली मोरी काढण्याचा खर्च ‘बिलं भाड्यात’मध्ये कधीच नसतो. कुत्र्याला आंघोळ घालताना मोरीच्या जाळीवर आणखी एक बारीक स्टीलची गाळणी ठेवा.

शूचा डाग पडलाच तर: आधी कापडाने दाबून टिपा, घासू नका. मग एन्झाइमचा क्लीनर भरपूर ओता, १०-१५ मिनिटं ओला राहू द्या, आपोआप वाळू द्या. शूमधलं युरिक अॅसिड नुसत्या पाण्याने जात नाही, दमट हवेत वास परत येतो. अमोनियाचं क्लीनर नको, प्राण्याला ते शूच वाटतं. वाफेचं मशीन नको, डाग पक्का बसतो. आणि ब्लीच तर नाहीच: शूवर ओतलं की विषारी वायू तयार होतो, शिवाय एन्झाइम निकामी होतात.

कागदकाका
करारातला मजकूर देतो, गरजेप्रमाणे बदला आणि स्थानिक वकिलाला दाखवा.

“परिशिष्टात वर्णन केलेला एक कुत्रा व एक मांजर सदनिकेत ठेवण्यास मालकाची संमती आहे. ही संमती कराराच्या संपूर्ण मुदतीसाठी आहे. लेखी तक्रार आल्यास भाडेकरूस सुधारणेसाठी किमान ३० दिवस मिळतील. भाड्यात वीज (वर्षाला २४०० युनिटपर्यंत), पाणी, स्वयंपाकाचा गॅस व इंटरनेट समाविष्ट आहे. जादा युनिट त्या महिन्याच्या बिलाच्या सरासरी दराने, बिलाची प्रत दाखवून आकारले जातील. मालक किंवा त्याचे कामगार किमान २४ तास आधी कळवूनच सदनिकेत येतील. कीटकनाशक फवारणीपूर्वी किमान ४८ तास आधी औषधाच्या नावासह कळवले जाईल.”

परिशिष्टात फोटो, वजन आणि चिप क्रमांक. नुसतं ‘पाळीव प्राणी’ लिहू नका, मालक बदलला की ‘मांजर म्हणालो होतो, कुत्रा नाही’ सुरू होतं.

जलचर
फवारणीच्या कलमाला माझा जोरदार पाठिंबा. पायरेथ्रॉइड गटातली औषधं, विशेषतः परमेथ्रिन, मांजराला विषारी आहेत, ओल्या फरशीवरून चालून पंजे चाटले तरी पुरे. माशांना तर थोडंही चालत नाही, त्यामुळे टाकी झाकून हवेचा पंप तेवढ्या वेळापुरता बंद ठेवावा, नाहीतर तो फवाराच पाण्यात ओढतो. ‘प्राणी चालतील’मध्ये मासे आपोआप येतात असंही नाही. २०० लिटरची टाकी काच, वाळू, स्टँड धरून पाव टनाच्या वर जाते, वेगळी परवानगी घ्या.

शेपटीवर
सगळ्यांचे खूप आभार. मासे नाहीत, नशीब! शेवटचं: किल्ली मिळाल्याच्या दिवशी काय काय करून ठेवू?

बोकोबा
सामान आत यायच्या आधी सलग एक व्हिडिओ. दारांच्या खालच्या कडा, स्कर्टिंग, पडद्यांची टोकं, सोफ्याचे कोपरे जवळून, शेजारी मोजपट्टी धरून फोटो. यादी करून त्याच दिवशी मालकाला ईमेल करा. दारांना खालून ७०-८० सेंटीमीटरपर्यंत पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा लावा. चिकटपट्टी काढताना हेअर ड्रायरने गरम करून काढा, नाहीतर रंगाचा पापुद्रा निघतो.

मीटरमास्तर
वीज, पाणी, गॅस तिन्ही मीटरचे फोटो, आकडा आणि मीटर क्रमांक एकाच चौकटीत दिसेल असे. तो क्रमांक मालकाने दाखवलेल्या बिलावरच्या क्रमांकाशी ताडून बघा. एका मजल्यावर चार मीटर असतील तर तुमच्या घराचा मेन स्विच पाडून नेमका कुठला दिवा थांबतो तेही बघून घ्या.